वडिलांची राहिलेली पणजी

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त क्लब हाउसमध्ये झालेल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या सभेतील भाषण. बोलण्याच्या ओघातले शब्द बहुतेक तसेच ठेवले आहेत.)



सचिवांनी मला 'एखादं प्रवासवर्णन सांगा' असं सुचवलं. मी म्हटलं, गोवा सांगतो. त्यांचा चेहरा जरा पडला. साहजिक आहे. गोवा काय, आपल्या सोसायटीतलं प्रत्येक घर दोनदा-तीनदा जाऊन आलंय. पण मी सांगणार आहे तो गोवा चालत पाहिलेला आहे. गाईड नाही, पॅकेज नाही, टॅक्सी कमीत कमी. दोन दिवस, एक वही, पाण्याच्या बाटल्या आणि आमची सहावीतली नात. पहिल्या दिवशी पणजीच्या जुन्या वाड्यापासून मिरामारच्या वाळूपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी कांदोळीच्या हॉटेलांच्या किनाऱ्यावरून आग्वादच्या तुरुंगापर्यंत. पोर्तुगीजांचा गोवा आणि रिसॉर्टचा गोवा असे दोन वेगळे गोवे आहेत असं आपण समजतो. पायी गेलं की कळतं, दोघांची भिंत एकच आहे. अगदी खरोखरची, जांभ्या दगडाची भिंत. ती कुठे आहे ते पुढे सांगतो.

पण आधी एक जुनी गोष्ट. १९८६ साली लग्नानंतर आम्ही दोघं गोव्याला गेलो होतो. कांदोळीला राहिलो. परत आलो तेव्हा वडिलांनी विचारलं, "पणजीत काय पाहिलंत?" मी म्हटलं, "पणजीत फक्त बस बदलली. आम्ही बीचवर होतो." ते म्हणाले, "आणि पत्रादेवी?" मी म्हटलं, "ते कुठे आहे?" ते "बरं" म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

पत्रादेवी म्हणजे बांद्याच्या पलीकडे, गोव्याच्या हद्दीत शिरल्याशिरल्या लागणारं ठिकाण. पुण्याहून गेलेली आमची बस त्याच रस्त्यानं गेली होती. मी झोपलो होतो.

आणि वडील १५ ऑगस्ट १९५५ ला तिथं होते. बावीस वर्षांचे, छापखान्यात खिळे जुळवणारे. पुण्यात १९५४ साली गोवा विमोचन सहायक समिती स्थापन झाली आणि इथून सत्याग्रहींच्या तुकड्या जायला लागल्या, हे इथल्या थोरांना आठवत असेल. त्या दिवशी हजारो माणसं निःशस्त्र, वेगवेगळ्या ठिकाणांहून हद्द ओलांडून आत गेली. गोळीबार झाला. वीसहून जास्त माणसं गेली. पत्रादेवीला पंजाबचे कर्नैलसिंग गेले, त्यांचं नाव आजही तिथं घेतात. वडिलांना गोळी नाही लागली. खांद्यावर लाठी बसली, त्यांना परत हद्दीबाहेर लोटलं, पावसात सावंतवाडीला आणलं. त्यांचा डावा हात त्यानंतर कधी खांद्याच्या वर गेला नाही. शर्ट घालताना आधी डावी बाही. आम्हा मुलांना ती त्यांची सवय वाटायची.

घरातून निघताना त्यांनी आईला, म्हणजे माझ्या आजीला, "पणजीला जातो" असं सांगितलं होतं. पणजी काही झाली नाही. नंतर नोकरी, आम्ही, मग गुडघे. ते गेले तेव्हा माझ्या लक्षात आलं, हा माणूस पणजीला चालत निघाला होता आणि त्याच्या मुलानं तिथं फक्त बस बदलली. म्हणून ठरवलं, की एकदा जायचं ते चालतच.

पहिला दिवस : पणजी ते मिरामार

मुलाच्या गाडीनं निघालो. पत्रादेवीला पहाटे थांबलो. हुतात्मा स्मारक आहे, समोर हायवे. ट्रक जात होते. नातीनं हात जोडले, मी जोडले, पंधरा मिनिटांत निघालो. कुणी भाषण केलं नाही. बरंच झालं.

चालायला सुरुवात फोंतेन्यासपासून करा. सकाळी सात-साडेसातला. हा आल्तिनोच्या टेकडीच्या पायथ्याचा, ओरेमच्या खाडीकडेचा जुना वाडा. पायथ्याशी झरा आहे, त्या झऱ्यावरूनच वाड्याचं नाव पडलं. अठराव्या शतकाच्या शेवटी आंतोनियो जुआंव द सिक्वेरा नावाच्या माणसानं ही वसाहत उभी केली. तो मोझांबिकमध्ये पैसा मिळवून आला होता म्हणून लोक त्याला 'मोसमीकार' म्हणायचे. म्हणजे एनआरआय बिल्डर, आपल्या भाषेत! अरुंद गल्ल्या, पिवळ्या-निळ्या-लाल भिंती, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, बसायचे सोपे. शुभ्र पांढरा रंग फक्त चर्चला, घरांना नाही, अशी पोर्तुगीज काळातली रीत होती असं सांगतात. आणि पावसाळा संपला की घर रंगवायचं. आपल्याकडे बाहेरचा रंग सात वर्षांनी निघतो आणि त्यावर तीन जनरल बॉडी होतात, ते आठवलं.

टोकाला सेंट सेबॅस्टियनचं छोटं चॅपल आहे. आतला क्रूस जरूर पाहा. येशूची मान खाली नाही, डोळे उघडे आहेत. हा क्रूस जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या वाड्यातून आलेला. ज्यांची चौकशी व्हायची त्यांच्यासमोर हे उघडे डोळे असायचे. दोन मिनिटं शांत उभं राहिलं तरी अंगावर येतं. आणि त्याच टेकडीवर थोडं वर चढलं की मारुतीचं देऊळ आहे, तिथून खालच्या कौलांचं छप्पर न् छप्पर दिसतं.

इथं आमच्याकडून एक चूक झाली, ती सांगतो. नात एका निळ्या घराच्या पायरीवर बसली. रंग सुंदर होता. मी फोटो काढला, एक नाही, पाच-सहा. "जरा डावीकडे, जरा हस." वरची खिडकी उघडली. एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "हें म्हजें घर, फोटो स्टुडिओ न्हय." मी "माफ करा" म्हटलं. त्यांनी खिडकी लावून घेतली. नंतर त्याच गल्लीत 'फोटो काढू नये' असे फलक दोन-तीन दारांवर दिसले. ते आधीही होतेच. आम्ही रंग बघत होतो, फलक नाही.

मला फार लागलं ते. कारण आपल्या गेटसमोर कुणी परक्यानं गाडी लावली तर पहिला आवाज माझा असतो, हे इथं बसलेल्या सगळ्यांना माहीत आहे. (हशा) तर नियम क्रमांक एक : जुन्या वाड्यात पाहुण्यासारखं जायचं. हळू बोलायचं, दार-खिडकी-वाळत घातलेले कपडे यांचे फोटो नाहीत, आणि तिथल्याच एखाद्या बेकरीत पाव-चहा घ्यायचा. ते लोक तिथं राहतात. सेट लावलेला नाही.

फोंतेन्यासमधूनच ३१ जानेवारी रस्ता जातो. पोर्तुगालमध्ये १८९१ साली राजेशाहीविरुद्ध उठाव झाला, त्याची ती तारीख. आणि तिथून जवळच पणजीच्या बाजारातून जाणारा १८ जून रस्ता. १९४६ साली त्या दिवशी मडगावला डॉ. राममनोहर लोहियांनी बंदी मोडून सभा घेतली. दोन तारखा, दोन देशांच्या, एकाच शहरात पाट्यांवर. नातीला म्हटलं, वहीत लिही. तिनं लिहिलं, आणि मग दिवसभर प्रत्येक पाटी वाचत गेली. पायी जाण्याचा हा मोठा फायदा आहे. गाडीतून पाटी वाचून होत नाही.

पुढे जनरल पोस्टाचा चौक. पोस्टाची इमारत जुनं तंबाखूचं कोठार. या चौकात पूर्वी शिक्षा दिल्या जायच्या. १७८७ साली कांदोळीच्या पिंटो घराण्यातल्या पाद्र्यांनी आणि इतर गोवेकरांनी पोर्तुगीज सत्ता उलथायचा कट केला. तो फुटला. पुढच्या वर्षी पंधरा जणांना मरणाची शिक्षा झाली. कांदोळी हे नाव लक्षात ठेवा, उद्या आपण तिथं जाणार आहोत.

मग चर्चच्या पायऱ्या. सिनेमात पाहिलेलं ते पांढरं चर्च, समोर नागमोडी जिना. मूळचं छोटं चॅपल १५४१चं, सध्याचं चर्च १६१९चं. पायऱ्या नंतरच्या, एकोणिसाव्या शतकातल्या. वरची मोठी घंटा जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीनच्या मठातली आहे. गुडघे दुखत असतील तर खालूनच पाहा, काही बिघडत नाही. आमच्या हिनं खालच्या बाकावर बसून जास्त पाहिलं.

तिथून आझाद मैदान. मधोमध खांबांचा मंडप आहे. पूर्वी तिथं आल्बुकर्कचा पुतळा होता, ज्यानं १५१० मध्ये गोवा जिंकला. आता तिथं त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हांचं स्मारक आहे, ज्यांना गोव्याच्या राष्ट्रवादाचे जनक म्हणतात. मंडप तोच ठेवला, आतला माणूस बदलला. शेजारी मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदारातल्या निळ्या-पांढऱ्या टाइल्स चुकवू नका. कामोइंश या पोर्तुगीज कवीच्या महाकाव्यातले प्रसंग त्यांवर रंगवले आहेत.

आता नदीकाठ. मांडवीला लागून जुनं सचिवालय. हा मुळात आदिलशहाचा वाडा. १७५९ मध्ये व्हाइसरॉय जुन्या गोव्यातल्या रोगराईला कंटाळून इथं राहायला आला, १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली, आणि मुक्तीनंतर २००० सालापर्यंत गोव्याची विधानसभा याच इमारतीत भरायची. मी तिथं थोडा वेळ उभा राहिलो. वडिलांना पणजीत कुठे पोचायचं होतं, तर बहुधा इथंच.

आणि मी पाठ वळवली तर समोर नदीत काय? कॅसिनोची जहाजं. दिवसाही दिवे चालू. काठावर त्यांची ऑफिसं. आदिलशहा, व्हाइसरॉय, विधानसभा, कॅसिनो. मधे फक्त एक रस्ता.

सचिवालयाच्या बाजूला आबे फारियाचा पुतळा आहे. काळा झगा घातलेला माणूस, समोर मागे झुकलेली बाई, तिच्यावर रोखलेले हात. मुलं घाबरतात. हा गोवेकर पाद्री, जन्म १७५६, कांदोळी! पुढे पॅरिसला गेला आणि संमोहन हे संमोहन करणाऱ्याच्या अंगातल्या जादूनं होत नाही, ज्याच्यावर होतं त्याच्या मनामुळे होतं, असं सांगणाऱ्या पहिल्या लोकांत तो होता. पुतळा १९४५ मधला, शिल्पकार मडकईचे रामचंद्र पांडुरंग कामत. १९८६ मध्ये मी ज्या कांदोळीत चार दिवस लोळलो, त्या गावानं असा माणूस दिला हे मला साठी उलटल्यावर कळलं.

तिथून मिरामारपर्यंत नदीकाठानं साधारण तीन किलोमीटर. कांपालची बाग, जुन्या मेडिकल कॉलेजची इमारत. ही वैद्यकीय शाळा १८४२ मध्ये सुरू झाली, आणि २००४ पासून गोव्यात भरणाऱ्या फिल्म फेस्टिव्हलची धावपळ याच आवारात असते. पुढे चार्ल्स कोरियांनी बांधलेली कला अकादमी. मग झाडं, मग वाळू. मिरामारला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. एकूण पाच-सहा किलोमीटर झाले असतील, पण मधे जेवण आणि दुपारची विश्रांती धरून.

मिरामारला भाऊसाहेब बांदोडकरांची समाधी आहे. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री. त्यांना गोवा महाराष्ट्रात यावा असं वाटत होतं. पण १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोवेकरांनी 'नको' सांगितलं. हे मी मुद्दाम सांगतोय. आपण मराठी माणसं गोव्यात जातो ती जरा घरच्यासारखी, आणि कधी कधी मालकासारखी. वडिलांसारखी माणसं गेली ती गोवेकरांना त्यांचं घर परत मिळावं म्हणून. घर त्यांचं. आपण पाहुणे. सकाळच्या त्या आजींनी मला एका वाक्यात सांगितलं ते हेच.

वाळूवर उभं राहिलं की मांडवीच्या मुखापलीकडे डोंगराची सोंड दिसते. ती आग्वाद. नात म्हणाली, "उद्या तिथं चालत जायचं?" मी म्हटलं, "पाणी आहे मधे. थोडं फेरीनं."

दुसरा दिवस : कांदोळी ते आग्वाद

पणजीच्या धक्क्यावरून बेतीला फेरीबोट जाते. पायी माणसाला तिकीट नाही. आमच्या हिला हे खरं वाटेना, तिनं दोनदा विचारलं. पलीकडे बेतीहून वेरें, नेरूळ करत बस कांदोळीला जाते. वाटेत रेईस मागूशचा किल्ला लागतो, वेळ असेल तर उतरा.

कांदोळीला किनाऱ्यावर उतरायचं आणि समुद्र उजवीकडे ठेवून दक्षिणेला चालायचं. ओहोटीची वेळ पाहून जा, ओली वाळू पायाला बरी. डावीकडे शॅक, आरामखुर्च्या, मालिश, पाण्यातल्या स्कूटर, हॉटेलांची कुंपणं. एक-दीड तासात, रमतगमत, सिकेरीला पोचतो. आणि तिथं वाळू संपते ती एका भिंतीपाशी. हीच ती भिंत.

आग्वादच्या किल्ल्याचा हा खालचा बुरूज, थेट समुद्रात घुसलेला. किल्ला १६१२चा. मांडवीच्या तोंडाशी डच येऊ नयेत आणि जमिनीवरून आपले लोक येऊ नयेत म्हणून बांधलेला. १७३९ मध्ये मराठ्यांनी जवळजवळ सगळं बारदेस घेतलं, पण आग्वाद आणि रेईस मागूश नाही मिळाले. आणि याच खालच्या तटबंदीच्या आत १९७४ साली ताजचं हॉटेल उभं राहिलं. १९८३ मध्ये राष्ट्रकुल परिषदेचे पंतप्रधान-राष्ट्राध्यक्ष विश्रांतीला इथं आले, आणि मग कांदोळी-कळंगुटचा सगळा पट्टा बघता बघता बदलला. म्हणजे आपण ज्याला रिसॉर्टचा गोवा म्हणतो, तो बराचसा या तटाच्या सावलीत सुरू झाला.

बुरुजावर बसून आम्ही डबा खाल्ला. एका बाजूला हिरवळ, छत्र्या, पोहण्याचा तलाव. दुसऱ्या बाजूला लाटा.

मग वर, डोंगरावरचा किल्ला. रस्ता चढणीचा आहे, ज्यांना जमणार नाही त्यांनी इथं रिक्षा किंवा टॅक्सी करावी, त्यात कमीपणा नाही. मी चाललो, आमची ही टॅक्सीनं आली आणि आधी पोचून माझ्यावर हसली. वर १८६४चा दीपस्तंभ आहे. आणि अंगणाखाली पाण्याची टाकी. 'आग्वा' म्हणजे पाणी, त्यावरून किल्ल्याचं नाव. लांबून येणारी जहाजं इथं पाणी भरायची. टाकीत सुमारे २३ लाख ७६ हजार गॅलन पाणी मावायचं असं सांगतात. मी तिथंच हिशोब केला. आपल्याकडे मे महिन्यात दहा हजार लिटरचे टँकर येतात ना, तशा हजाराहून जास्त खेपा. तोही झऱ्याचा आणि पावसाचा साठा, वीज नाही, पंप नाही. आपल्या वॉटर कमिटीला एकदा नेऊन दाखवलं पाहिजे. (हशा)

आणि शेवटी खाली, नदीच्या बाजूला उतरून तुरुंग. हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. बहुतेक टूरवाले वरच्या किल्ल्यावर फोटो काढून परत फिरतात. आग्वादचा तुरुंग २०१५ पर्यंत चालू होता, मग कैदी कोलवाळला हलवले, आणि १९ डिसेंबर २०२१ पासून तिथं संग्रहालय आहे. लोहियांना १९४६ मध्ये इथं ठेवलं होतं, कुन्हांना इथं ठेवलं होतं, आणि नावं न छापलेले कितीतरी गोवेकर, शिक्षक, शेतकरी, विद्यार्थी. १९५५च्या सत्याग्रहात शिरलेले नानासाहेब गोरे, मधु लिमये यांनी गोव्याच्या तुरुंगांत वर्ष-दीड वर्षाहून जास्त काढलं. १९६१च्या डिसेंबरात इथले कैदी सोडवायला आलेले भारतीय सैन्यातले मेजर शिवदेवसिंग सिधू याच किल्ल्याशी पडले.

कोठडी लहान आहे. दार लहान, झरोका वर. बाहेर आलं की समोर मांडवी, आणि पलीकडे मिरामार. काल आम्ही जिथं उभे होतो ती वाळू इथून दिसते. कैद्यांना अंगणात आणत असतील तेव्हा त्यांनाही पणजी दिसत असेल.

नातीनं विचारलं, "पणजोबांना इथं ठेवलं होतं?"

मी म्हटलं, "नाही गं. ते इथपर्यंत पोचलेच नाहीत."

ती म्हणाली, "मग आपण त्यांच्यापेक्षा पुढे आलो."

मला काही बोलता येईना. हिनं तिचा हात धरला आणि आम्ही बाहेर पडलो.

परतीच्या रस्त्यात तिनं दुसरा प्रश्न विचारला. "किल्ल्यात हॉटेल केलंय हे वाईट आहे का?" मी विचार करत होतो दोन दिवस. प्रामाणिकपणे सांगतो, सुरुवातीला मला राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. हॉटेलात माळी आहेत, स्वयंपाकी आहेत, त्यांची घरं चालतात. मीही १९८६ मध्ये तिथंच सुटी घालवली. वाईट एवढंच, की चार दिवस त्या भिंतीजवळ राहून मला भिंतीपलीकडे काय आहे ते विचारावंसं वाटलं नाही. तो दोष हॉटेलाचा नाही, माझा आहे. तिला म्हटलं, "हॉटेल असू दे. आपण तुरुंगापर्यंत चालत आलं पाहिजे." तिला ते पटलं की नाही माहीत नाही. तिला भूक लागली होती.

जाणाऱ्यांसाठी

आता थोडं कामाचं, कारण जेवणाची वेळ होत आली.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. पावसाळ्यात सिकेरीच्या बुरुजाशी लाटा धोकादायक असतात आणि शॅक बंद असतात. एका दिवसात सगळं करायचा हट्ट नको. चार किंवा पाचच्या गटानं चाला, चाळीस जणांची मिरवणूक फोंतेन्यासमध्ये शोभत नाही. चर्चमध्ये प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबा, अंगभर कपडे घाला. संग्रहालय आणि किल्ल्याच्या वेळा आधी पाहून घ्या. टोपी, पाणी, आपला कचरा आपल्या पिशवीत. नाण्यांपेक्षा वही उपयोगी पडते. आणि प्रत्येक ठिकाणी मुलांना पाटी वाचायला लावा, ती मोठ्यांपेक्षा नीट वाचतात.

मी नातीच्या वहीवरून एक हातानं काढलेला नकाशा केला आहे, तो खाली नोटीस बोर्डावर लावतो. ज्यांना हवा त्यांनी मोबाइलमध्ये फोटो काढून घ्यावा. इथं फोटोला कुणाची हरकत नाही.

आणि एक विनंती. आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. त्याआधी इथं काय होतं, हे आपल्या मुलांना माहीत नाही. वॉचमनच्या केबिनमागे जाळी टाकलेली विहीर आहे, ती कुणाच्या शेताची होती, त्या घरातली एक आजी अजून वस्तीत राहतात. एका रविवारी सकाळी मुलांना घेऊन आपल्याच आवारातून विहिरीपर्यंत आणि तिथून त्या आजींच्या दारापर्यंत चालत जाऊ. आधी विचारून. फोटो न काढता.

जानेवारीत मंडळाची गोव्याची सहल करायचं घाटतंय. नावं सचिवांकडे द्या. मिनीबस ठरवू, हॉटेल कुणाला कुठलं परवडेल ते बघू, कांदोळीचंही चालेल. माझी अट एकच आहे. पत्रादेवीला गाडी थांबवायची, आणि त्या वेळी कुणी झोपायचं नाही.